नंदिकाच्या दारावरचे पाच ठिपके

पूर्वी कांपिल्य नगरात वसुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या करशाळेचा अमात्य होता. कार्तिक पौर्णिमेला प्रत्येक कुटुंबप्रमुख करशाळेतल्या पडद्याआड जाई आणि वर्षभराची कमाई अमात्याच्या कानात सांगे. पडद्याआडचे बोलणे कधी बाहेर पडत नसे, राजाच्या कानीही जात नसे. घरात पोसायची जितकी तोंडे, तितका कर कमी होई, आणि तेवढी एकच गोष्ट सर्वांसाठी उघडी असे. करशाळेचा माणूस त्या घराच्या दारावर माणशी एक असे चुन्याचे ठिपके काढून जाई. एखादे तोंड त्या घरात जेवत नसेल तर शेजाऱ्यांनी येऊन सांगावे, म्हणून ही रीत. शेजारी मात्र कधी काही सांगत नसत. श्रीमंताच्या वाटेला जायचे कोणी?

त्याच नगरात भद्रिका नावाची स्त्री दोन मुलांना घेऊन भावाच्या ओसरीवर राहत होती. तिचा नवरा नंदिक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. चंदन-कस्तुरीत त्याने पैसा केला, आणि पैसा येताच दुसरी बायको आणली. भद्रिकेला त्याने मुलांसकट बाहेर काढले ते भर दुपारी, चुलीवर भात शिजत असताना. तो भात मग कोणी खाल्ला, हे तिच्या मनातून कधी गेले नाही. लोकांच्या घरी धान्य कांडून तिने मुले जगवली. पण भावाचा हात आखडला, तेव्हा ती पोटगी मागायला न्यायसभेत गेली.

पोटगी नवऱ्याच्या कमाईच्या मानाने मिळे. नंदिक ठिगळे लावलेले उपरणे घेऊन आला. धंदा बुडाला, आपणच मागून पेज पितो, असे त्याने शपथेवर सांगितले. न्यायाधीशांनी भद्रिकेकडे पुरावा मागितला. तिच्याकडे काय असणार? निकाल उद्या देऊ, असे ते म्हणाले, आणि तो काय असेल हे सभेतल्या सगळ्यांना कळले. मुलांच्या तोंडाला पाने पुसली जाणार होती.

ती तडक करशाळेत गेली. नंदिकाची खरी कमाई जाणणारा नगरात एकच माणूस होता. बोधिसत्त्वाने तिचे सारे ऐकून घेतले आणि पडद्याआडचे आपल्याला बोलता येत नाही, असे सांगितले.

भद्रिकेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती म्हणाली, "मला भर रस्त्यात काढलं तेव्हा कोणी पडदा आणला नाही, अमात्य. त्याची लबाडी झाकायला मात्र राजाचा पडदा आहे. तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही गप्प बसता. मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक तो काय?"

बोधिसत्त्व रागावला नाही. तो म्हणाला, "पडद्याआडचं मी बोलणार नाही. पण जे उघड्यावर आहे ते कोणीही पाहावं, बाई. तुम्ही त्याच्या दारावरून शेवटच्या कधी गेला होतात?"

ही आपल्याला वाटेला लावण्याची सभ्य तऱ्हा, असे समजून ती निघाली. घरातून काढल्यापासून त्या गल्लीत तिने पाऊल टाकले नव्हते. आज मात्र नंदिकाला चार लोकांत शिव्या घालायच्याच, म्हणून ती गेली. दार बंद होते. हाक मारायला तिने तोंड उघडले आणि तिची नजर ठिपक्यांवर पडली. घरात माणसे दोन आणि दारावर ठिपके पाच. उरलेले तीन कोणाचे, हे कळायला तिला वेळ लागला नाही. ज्यांना त्याने घास दिला नव्हता, त्यांना पोसतो असे सांगून त्याने कर वाचवला होता. गल्ली ते रोज पाहत होती आणि मूग गिळून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ते सभेत सांगितले. ठिपके म्हाताऱ्या मावश्यांचे आहेत, असे नंदिक म्हणू लागला. न्यायाधीशांनी अमात्याला बोलावले. पडद्याआडचा शब्द मोडू नका, म्हणून नंदिक त्याला विनवू लागला.

"मोडत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "पण आत जाताना तू एकटा गेला नव्हतास. या तिघांना नावानिशी घेऊन गेलास. ज्यांच्या नावावर सूट घेतलीस, त्यांच्यापासून ते बोलणं झाकलेलं राहत नाही."

त्याने सभेच्या कोपऱ्यात पडदा लावायला सांगितले. आत न्यायाधीश, भद्रिका आणि नंदिक एवढेच गेले, आणि अमात्यासमोर नंदिकाला कार्तिकातले शब्द पुन्हा उच्चारावे लागले. पोटगी ठरली तीही आतच. बाहेर ताटकळलेल्या लोकांना आकडा कळला नाही.

संध्याकाळी राजाने बोधिसत्त्वाला बोलावून नंदिकाची कमाई विचारली. सांगितलीस तर एक गाव इनाम देतो, असेही तो म्हणाला.

"महाराज, आपल्या नावाचा ठिपका त्याच्या दारावर नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

राजाने त्याच रात्री त्याचे अमात्यपद काढून घेतले. सकाळी बोधिसत्त्व गाठोडे घेऊन नगराबाहेर निघाला, तेव्हा नंदिकाच्या दारापाशी भद्रिका विटेच्या तुकड्याने आपले तीन ठिपके खरवडत होती. तिसरा तेवढा उरला होता. शेजारी आपापल्या उंबऱ्यात उभे होते. राग गेला का, असे त्याने तिला विचारले.

"नाही," ती म्हणाली, आणि तिने तो ठिपकाही खरवडून काढला.

जेतवन विहारात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. त्या दिवशी संघाला मिष्टान्नाचे भोजन देणारा उपासक सोमिल पहिल्या रांगेत बसला होता. आईच्या नावाने हे दान देतो, असे त्याने सर्वांना ऐकवले होते.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचा नंदिक म्हणजे हा सोमिल. तेव्हाची भद्रिका म्हणजे त्याची आई. ती विहाराच्या मागच्या दारी उरलेलं अन्न मागायला उभी आहे. तेव्हाचे शेजारी म्हणजे तुम्ही, तिला रोज पाहणारे. आणि तो अमात्य मीच होतो. काय झाकावं आणि कोणापासून झाकू नये हे ओळखणं, आणि त्याची किंमत स्वतः मोजणं, याला प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता, म्हणतात."

सोमिलाने मान वर केली नाही. बाकीचे सगळे मागच्या दाराकडे पाहत होते.