बिनफळाची वेल

एका राज्यात, जिथे काट्याकुट्यांची कुंपणेही फळांनी लवत, चंडकेतू नावाचा राजा होता. कर्टोलीची भाजी म्हणजे त्याचा जीव की प्राण. एके दिवशी त्याने हुकूम सोडला, "जिला फळ नाही ती वेल उपटा!" माळ्यांनी इमानेइतबारे रान साफ केले. वेलवनाची चेटकीण कडवंची हिने हे पाहिले अन् शाप दिला. तेव्हापासून राजाला दूध कडू, भात कडू, पाणीसुद्धा कडू. राजा काडीसारखा वाळला.

त्याची लेक हेमकळा शाप उतरवायला कंबर कसून वेलवनाकडे निघाली. आईच्या कडेवर बसून ती रानवेली ओळखायला शिकली होती, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. का नसावा?

वनाच्या वेशीवर धनेश पक्षी म्हणाला, "राजकन्ये, तीन परीक्षा आहेत. चुकलीस तर तूच वेल होशील."

"होईन. वाट सोड."

कडवंचीने फुले-फळे नसलेले कुंपण दाखवले. "यात शिवलिंगीची वेल कोणती?"

हेमकळाने वेलींचे ताणे, आधाराला गुंडाळणारे ते तंतू, चाचपले. पान पाच बोटांचे, ताणा टोकाशी दुभंगलेला. "ही."

मग दोन लालभडक फळे पुढे आली. "यातले एक खा."

"मोठे, नारिंगी रेघांचे ते कवंडळ, पोटात आग लावील. हे पिकले रानतोंडले." तिने ते खाऊनही टाकले.

शेवटी कडवंचीने विळा दिला. "या दोन कर्टोलीच्या वेली. निरुपयोगी असेल ती काप. बाप बरा होईल."

"सोपे आहे!" धनेश म्हणाला. "एकीला फळच नाही."

हेमकळाने विळा उचलला. बापाचा सुकलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. मग तिने फुले निरखली. एकीच्या पिवळ्या फुलामागे काटेरी बाळफळ होते, दुसरीच्या मागे नुसता देठ. तिने विळा फेकून दिला.

"ही नर वेल आहे. हिचे पराग नसतील तर त्या वेलीला फळ कुठून धरणार? बाबांनी अशाच वेली उपटल्या. चूक त्यांची. पण आता विळा माझ्या हाती होता, आणि मी त्यांची लेक असले तरी तीच चूक करणार नाही."

कडवंची हसली. तिने नर वेलीचा कंद राजकन्येच्या ओंजळीत ठेवला. त्याच क्षणी राजवाड्यात चंडकेतू पाणी प्याला आणि ओरडला, "गोड!"

कंद राजाने स्वतःच्या हाताने महाद्वारापाशी लावला. वेल कमानीवर चढली, तिच्यामुळे साऱ्या राज्यातल्या कर्टोल्या फळल्या. तिला स्वतःला मात्र एकही फळ आले नाही, आणि राजा रोज येता-जाता तिला मुजरा करी.