पुन्हा भरलेली टाकी

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या आश्रमात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गरम पाण्याने दगा दिला.

आश्रम डोंगराच्या पायथ्याशी होता. सांधे धरलेली, कंबर आखडलेली माणसे तिथे दूरदूरहून येत. त्यांना तेल लावायचे आणि कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, ही तिथली मुख्य चिकित्सा. त्यासाठी न्हाणीघरात पुरुषभर उंचीची तांब्याची टाकी होती आणि तिच्या बुडाशी, बाजूने आत बसवलेला विजेचा हीटर. उद्या पहाटे अभ्यंगस्नान होते. उटणे कुटून झाले होते, आज्या आपले गुडघे विसरून रांगोळीला बसल्या होत्या, जो तो उद्याच्याच गोष्टी बोलत होता. आणि नेमका त्या सकाळी हीटर जळाला.

जाळला तो दौलतने. दौलत तेल लावणारा, आश्रमातला सगळ्यांत जुना सेवक. हाताला गुण मोठा, पण जीभ तिखट. रुग्ण जरा कुरकुरला की हा फाडकन बोलून मोकळा. त्याची ही खोड मोडायचा विडा वैद्यांच्या पट्टशिष्याने उचलला होता. त्याने आधी दौलतकडून कोठीच्या किल्ल्या काढून घेतल्या. मग गुरुजींच्या पंगतीतला त्याचा पाट हलवला. शेवटी, दिवाळीच्या पहाटे गुरुजींच्या टाळूवर पहिले तेल घालण्याचा त्याचा वर्षानुवर्षांचा मानही यंदा दुसऱ्याला दिला. दौलतची जीभ काही नरमली नाही, मन मात्र कामातून उडाले. त्या सकाळी टाकीत पाणी आहे की नाही हे न बघताच त्याने बटण दाबले. शिष्याने सगळ्यांदेखत त्याचा असा पाणउतारा केला की दौलत तडक ट्रंक भरायला गेला. संध्याकाळच्या एसटीने तो कायमचा जाणार होता.

शिष्याला त्याची फिकीर नव्हती. त्याच्या अंगात उत्साह नुसता सळसळत होता. नवा हीटर कोठीत होताच; जुना काढला की झाले. त्याने वीज बंद केली, तारा सोडवल्या, टाकीतले उरलेसुरले पाणी सोडून दिले, हीटरच्या डोक्यावर मोठा पाना लावला आणि जोर केला. हीटर ढिम्म. वर्षानुवर्षांच्या क्षाराने त्याचे आटे टाकीशी एकजीव झाले होते. मग त्याने पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी नळी चढवली आणि सगळे अंग तिच्यावर टाकले. या वेळी काहीतरी हलले. शिष्य हरखला, पण हलला होता तो हीटर नव्हे. टाकीच गरकन फिरली होती आणि हीटरच्या भोवती तांब्याच्या पत्र्याला पोचा पडून एक बारीक सुरकुती उमटली होती.

"आता थांब," दारातून गुरुजी म्हणाले. त्यांचे सारे आयुष्य तांब्याच्या भांड्यांत तेले कढवण्यात गेले होते. त्यांनी त्या सुरकुतीवरून बोट फिरवले आणि शांतपणे सांगितले, "टाकी भर. काठोकाठ."

शिष्याला वाटले, गुरुजींना वयोमानाने ऐकू तरी कमी आले असावे किंवा समजले तरी. हीटर काढला की पाणी बाहेर येणार, म्हणून तर टाकी रिकामी केलेली. पण गुरूपुढे वाद घालण्याची तिथे रीत नव्हती. वीज बंद, म्हणजे पंपही बंद. विहिरीपासून न्हाणीघरापर्यंत माणसांची रांग लागली आणि बादल्या हातोहात येऊ लागल्या. काल काठी टेकत चालणारे आज बादलीसाठी हात पुढे करत होते. हसणे, भिजणे, एकमेकांना दटावणे, सगळा आश्रम जत्रेसारखा घुमू लागला. ट्रंक घेऊन निघालेला दौलत रांगेपाशी क्षणभर घुटमळला. मग ट्रंक खाली ठेवून तोही रांगेत शिरला.

टाकी भरली. गुरुजींनी दौलतला टाकी कवेत धरायला सांगितले आणि शिष्याला पाना दिला. शिष्याने पुन्हा जोर केला. टाकी तसूभर हलली नाही, पत्रा जरासुद्धा वाकला नाही. आणि मग कर्र असा आवाज झाला, आटे सुटले, आणि आश्रमात एकच जल्लोष उसळला. पुढचे काम सोपे होते. पाणी सोडले, क्षाराने पांढराफटक पडलेला हीटर बाहेर आला आणि नवा आत बसला.

गर्दी पांगल्यावर शिष्याने हात जोडून विचारले, असे कसे झाले?

गुरुजी म्हणाले, "तांब्याचा पत्रा पातळ असतो. आत पाणी असले की त्याला आतून आधार मिळतो, आणि वजनाने टाकी जागा सोडत नाही. मग जोर फक्त बिघडलेल्या भागावर पडतो. रिकाम्या टाकीवर तोच जोर केलास, तर हीटर आतच राहतो आणि टाकी फाटते. बाळ, माणसातली खोड काढायची असली, तरी आधी माणूस भरलेला हवा. तू दौलतला मात्र आधी रिकामा केलास."

शिष्याची मान खाली गेली. त्याला फार लाज वाटली. तो उठला, कोठीच्या किल्ल्या घेतल्या आणि थेट ट्रंकेपाशी उभ्या असलेल्या दौलतपुढे जाऊन त्या त्याच्या हातावर ठेवल्या. उद्याचे पहिले तेल तुम्हीच घालायचे, एवढेच त्याला बोलता आले. खोडीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. एसटी आली आणि दौलतला न घेता गेली.

पहाटे पणत्या लागल्या, न्हाणीघरातून वाफा निघाल्या. दौलतने गुरुजींच्या टाळूवर तेल जिरवले, आणि हात पुसत तो शिष्याजवळ येऊन उभा राहिला.

"धाकले वैद्य," तो हळूच म्हणाला, "मी पेशंटांना जरा जास्तच टाकून बोलतो, नाही का?"

शिष्याला आदल्या दिवशीचा तो कर्र आवाज पुन्हा ऐकू आल्यासारखे झाले. त्याचे डोळे भरून आले.

"बसा दौलतदादा," तो म्हणाला, "आज तुम्हाला तेल मी लावतो."