गालिच्याखालचे सतरा कोंब

भर समुद्रात एक बेट होतं आणि त्या बेटावर राज्य होतं घोरपडीचं. ती राणी कशी झाली ते विचारू नका. तिने एकदा पकड घेतली की सुटत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

बेटाचा एक जुना रिवाज होता. ज्याच्या दारात झाडाचा कोंब, त्याला गोड्या पाण्याच्या डबक्यावर हक्क. दर नारळी पुनवेला कोंबांची मोजणी व्हायची. येसू खेकडीण उंडीच्या झाडाखाली बिळात राहायची. उंडीची फळं पडत, रुजत, येसू त्यांची राखण करी आणि वर्षभर मानाने पाण्यात डुंबे. खेकडीचा जीव तो, अंग सुकलं की खेळ खलास.

राणीसरकारांना दुःख एकच, बेटाचा कातळ पोटाला टोचतो. म्हणून त्यांनी पैलतीरावरून सुरूची झाडं मागवली. पाहुणी म्हणून आली, बघता बघता आभाळाला भिडली आणि बारा महिने सुयांसारखी पानं गाळू लागली. वीतभर थर साचला. राणीसरकार त्यावर लोळल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, याला म्हणतात प्रगती. लगोलग फर्मान निघालं की हा पाचोळा नसून बेटाचा गालिचा आहे आणि तो उचलेल तो बेटद्रोही. पोपटांना घोषणा मिळाली, ‘एक बेट, एक गालिचा!’ आदल्या वर्षी त्यांना ‘कातळ आमुचा प्राण’ अशी घोषणा दिली होती. तीही त्यांनी अगदी मनापासून म्हटली होती.

इकडे उंडीचे हाल सुरू झाले. नवी फळं गालिच्यावरच अडकून वाळायची, मूळ मातीला टेकायचंच नाही. आधी रुजलेले कोंब खाली अंधारात पांढरेफटक पडले. येसूचा जीव तीळतीळ तुटायचा. रोज सकाळी ती नांगीने दारापुरत्या सुया बाजूला करी आणि दुपारपर्यंत तेवढ्याच पुन्हा पडत.

पुनवेला तात्या बगळा मोजणीला आला. पांढराशुभ्र, मान ताठ, गालिच्यावरून टाकलेलं एकेक पाऊल मोजकं. उंडीखाली उभं राहून त्याने जाहीर केलं, कोंब शून्य.

“तात्या, जरा वाकून बघा,” येसू म्हणाली. “खाली सतरा आहेत.”

“वाकायची तरतूद नाही, बाई.”

“मासा धरताना वाकता की.”

“ते खाजगी काम.”

मग येसूने आव बघितला ना ताव, दोन्ही नांग्यांनी सुया उपसल्या आणि सतराच्या सतरा कोंब उघडे करून दाखवले. तात्याने ते नीट पाहिलं आणि लिहून घेतलं, गालिच्याची नासधूस, एका ठिकाणी. कावळ्यांचं पथक आलं. त्यांनी सुया जागच्या जागी पसरल्या, वर दुप्पट थर दिला आणि आत शिरलेल्या येसूसकट तिचं बीळही त्यातच बुजवलं.

राणीसरकारांनी भाषण केलं. “उंडीवर आम्ही मायेची चादर घातली. तरी तिला उगवायचंच नाही, त्याला सरकार काय करणार?” उंडीला ‘बेटाचा वारसा’ हा किताब देण्यात आला. तो सुरूच्या खोडावर टांगला.

पुढच्या मोजणीत मात्र घोटाळा झाला. सुरूच्या गालिच्याखाली सुरूचंही बी रुजेना. उंडी शून्य, सुरू शून्य, बेटभर शून्य. रिवाजाप्रमाणे पाण्यावर कुणाचाच हक्क उरला नाही. राणीसरकारांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की बेटावर अखेर समानता आली, आता डबकं कुणा एकाचं नाही, म्हणून ते आम्ही सांभाळू. पोपटांनी टाळ्यांच्या जागी पंख फडफडवले. तात्याने विचारलं, ठरावाच्या विरोधात कोण?

तेवढ्यात पायाखालून आवाज आला. सुकलेला होता, पण स्पष्ट होता.

“मी आहे. आणि सतरांपैकी एक अजून जिवंत आहे.”

तात्याने आवाज ऐकला. कुणाचा, तेही ओळखलं. मान ताठ ठेवून त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि लिहिलं, विरोधात कुणी दिसलं नाही.