चित्रातला घाट

"...म्हणजे होडी हा आत्मा, पैलतीर हा मोक्ष आणि हा जांभळा रंग म्हणजे विरह. बरोबर ना, मास्तर?"

दाजीमास्तर ब्रश पुसत राहिले.

हेरंब पुण्याहून वाईला आला होता तो मास्तरांकडे चित्रकला शिकायला. कॉलेजात रसग्रहणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. मास्तरांची रीत मात्र साधी होती. नव्या मुलाला ओसरीवरचं नदीचं चित्र दाखवायचं आणि ऐकायचं. पटलं तर तो राहणार, नाहीतर संध्याकाळची एसटी होतीच.

त्याची पिशवी अजून दारातच होती.

"छान बोलतोस," मास्तर म्हणाले. "तिथं थंडी आहे का रे?"

"कुठं?"

"चित्रात."

हेरंब पुढे वाकला. नाक कॅनव्हासला टेकायचंच बाकी होतं. रंगाचे नुसते फटकारे... थंडीचं प्रतीक काही सापडेना.

"चष्मा दे इकडे."

त्याने दिला. मास्तरांनी तो खुशाल खिशात घातला.

"मास्तर, आता काहीच नीट दिसत नाही!"

"वा! जरा मागे सर."

हेरंब ओसरीच्या खांबापर्यंत मागे गेला.

...

"ऊन!" तो ओरडलाच. "मास्तर, ऊन आलंय! आत्ताच आलंय. पाण्यावर नुसतं नाचतंय!"

"आणि होडी?"

"कसली होडी! कुणीतरी लाल लुगडं पिळून ठेवलंय पायरीवर."

"विरह?"

"अहो, सावली आहे ती! गार आहे. अंगावर काटा येतोय... पण काय मस्त वाटतंय!"

तो लहान मुलासारखा हसत सुटला. असा आनंद त्याला चित्र बघताना कधी झालाच नव्हता. बोलता बोलता तो वाकला आणि पँट दुमडून गुडघ्यापर्यंत वर घेऊ लागला.

एक पाय झाला, दुसराही झाला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"मास्तर... मी राहू, की जाऊ?"

मास्तरांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

"जपून उतर रे," ते म्हणाले. "खालच्या पायरीवर शेवाळ आहे."