लिंबाचा 'हो' आणि दोन टावर

एका गावात एक भोळा लिंबा होता. भोळा म्हणजे किती? पाव्हण्यांकडं गेला आणि ते म्हणाले, "आपलंच घर समज," तर हा निघताना त्यांची म्हैस सोडून घेऊन आला. आता समजायला सांगितलं होतं, त्यानं समजलं. त्याची काय चूक?

गावाचं नाव खोलवाडी. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला ओढा. ऊन उशिरा यायचं आणि मोबाईलची रेंज तर यायचीच नाही. फोनवर बोलायचं असेल तर टेकाडावर चढायचं. चढलं की दम लागायचा, आणि दम लागला की बोलता यायचं नाही. अशी सगळी सोय होती.

तालुक्याच्या गावात मात्र चैन. तिथं आधी भरारी नावाची एकटीच कंपनी होती. बोलायलाही पैसे, ऐकायलाही पैसे. मग गर्जना नावाची दुसरी कंपनी आली. लगेच भरारीनं ऐकणं फुकट केलं. गर्जनानं रात्रीचं बोलणं फुकट केलं. भरारीनं वर छत्री दिली. पण खोलवाडीकडं दोघींनीही ढुंकून पाहिलं नाही. कंपनी म्हणे, आधी गिऱ्हाईक दाखवा. गाव म्हणे, आधी टावर दाखवा. बसा बोंबलत.

अशात लिंबाचं लग्न ठरायला आलं. मुलगी शेजारच्या खोऱ्यातली, केरबामामांची शेवंता. तिनं लिंबाला जत्रेत पाहिलं होतं. "एवढी पिशवी धर, आले," म्हणून गेली आणि मैत्रिणींच्या नादात विसरली. दिवेलागणीला आठवलं. येऊन बघते तर जत्रा उठलेली, आणि लिंबा पिशवी धरून उभा. तेव्हाच तिच्या मनात भरला तो.

केरबामामांना ही एकच लेक. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनीच वाढवलं. ते म्हणाले, "बाकी मला काही नको. लेकीचा आवाज मात्र रोज ऐकायला मिळाला पाहिजे. लिंबाशी फोनवर बोलतो, मग ठरवतो." लिंबाची आई सगुणाबाई हिनं बाजारातनं फोन आणला, लिंबाच्या हातात दिला आणि त्याला टेकाडावर धाडलं.

"फोन वाजला की उचल. कळलं?"

"कळलं."

फोन वाजला. लिंबानं उचलला. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. फोन वाजून वाजून थांबला, परत वाजला. लिंबाचे हात भरून आले, पण पठ्ठ्यानं फोन खाली आणला नाही.

केरबामामांचा निरोप आला, "तुमच्या गावाशी फोनवर बोलणं होत नाही. टावर आणा, नाहीतर लग्न विसरा."

आईनं कपाळावर हात मारला. "अरे खुळ्या, हातात आलं की कानाला लावायचं! 'हॅलो, कोण बोलतंय' म्हणायचं! बांध आता खूणगाठ!"

"बरं, आई," लिंबा म्हणाला आणि त्यानं खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी आईनं त्याला भरारीच्या ऑफिसात पाठवलं. साहेब बरा होता बिचारा. बस म्हणाला, चहा मागवला, स्वतःच्या हातानं पेला लिंबाच्या हातात दिला. लिंबानं पंच्याकडं पाहिलं. हातात आलं होतं. मग त्यानं पेला उचलून कानाला लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

कुणी बोललं नाही. चहा तेवढा मानेवरनं सदऱ्यात गेला. लिंबा बोंबलत उठला, टेबल कलंडलं, साहेबाची शाई साहेबाच्या पँटीवर गेली. टावरचा विषय निघालाच नाही.

आईनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, गरम दिसलं की आधी फुंकर मारावी! गार झाल्याशिवाय पुढं जाऊ नये! बांध खूणगाठ!"

"बरं, आई." पंच्याला दुसरी गाठ बसली.

पुन्हा लिंबा भरारीच्या दारात हजर. शिपायानं त्याला अडवलं. "आज आत जाऊ नको. साहेब गरम आहेत."

"लई?"

"वाफा निघतायत नुसत्या."

लिंबाला शिपायाचे उपकार वाटले. आधी सांगितलं म्हणून बरं. तो आत गेला, साहेबाच्या खुर्चीजवळ वाकला आणि टकलापासनं हनुवटीपर्यंत फुंकर मारायला लागला. फूऽऽ. फूऽऽ.

"काय चाललंय हे?" साहेब किंचाळला.

"गार करतोय, साहेब. झालंच."

"चालता हो! म्हणे टावर! त्या दरीत काय म्हशींना कार्डं विकू मी?"

आता म्हशींनी साहेबाचं काय घोडं मारलं होतं देव जाणे. पण लिंबा हात हलवत घरी आला. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मुलगी हातची जाणार, असं तिला दिसायला लागलं. तरी तिनं कपाळावर हात मारलाच.

"साहेब लोक गरम झाले की फुंकर नसते रे मारायची! हात जोडून उभं राहावं, आणि विचारतील त्याला 'हो' म्हणावं. दुसरा शब्द काढू नये. बांध खूणगाठ!"

तिसरी गाठ. आणि या वेळी आईनं त्याला गर्जनाच्या ऑफिसात पाठवलं. भरारीला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

गर्जनाच्या साहेबाला त्याच सकाळी त्याच्या वरच्या साहेबानं झापलं होतं. त्याच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती. लिंबानं एकदा नीट बघून घेतलं आणि हात जोडले.

"काय आहे?" साहेब खेकसला.

"हो."

"खोलवाडीचा ना तू? तेच दरीतलं गाव?"

"हो."

"टावर मागायला आलायस? परवडत नाही आम्हाला."

"हो."

साहेब जरा चपापला. टावर मागायला आलेला माणूस रडतो, पाया पडतो, पुढाऱ्याची ओळख सांगतो. हा तर खुशाल 'हो' म्हणतोय. म्हणजे ह्याला गरज नाही. म्हणजे?

"तू भरारीकडं जाऊन आलास काय?"

"हो."

"भरारी टावर लावणार आहे तुमच्यात?"

"हो."

साहेब खुर्चीतनं उठला. "सगळं गाव त्यांचं कार्ड घेणार?"

"हो."

"आणि आम्ही त्यांच्या आधी लावला, तर आमचं घ्याल?"

"हो."

साहेबानं त्याच दिवशी जीप जुंपली. गर्जनाची माणसं खोलवाडीत खड्डा खणतायत, ही बातमी भरारीच्या साहेबाला लागली. तो पाय लावून पळत आला. ओढ्यावर त्याला लिंबाच भेटला. साहेब गरम होता, हे सांगायला नकोच. लिंबानं हात जोडले.

"गर्जनाचा टावर येतोय?"

"हो."

"आम्ही त्याच्यापेक्षा उंच लावला तर आमच्याकडं याल?"

"हो."

झालं! ज्या गावात एक टावर येईना, तिथं दोन आले. एक देवळाच्या अंगाला, एक लिंबाच्या खळ्यापाशी. गावातल्या शहाण्यांनी किती वर्षं निवेदनं दिली, पुढाऱ्यांना हार घातले. टावर आणला खुळ्यानं, तोही एका अक्षरावर. मी म्हणतो, शहाणपण चुलीत घाला.

मग गावाची मजाच मजा. भरारीनं घरटी छत्री वाटली. गर्जनानं टोप्या वाटल्या. भरारीनं दर उतरवला की गर्जना दोन पायऱ्या खाली यायची. गर्जनाची जीप कर्णा लावून गावात फिरायची, "तुमची कंपनी त्रास देतेय? सहन का करता? नंबर तोच ठेवा, कंपनी बदला!"

"आई, म्हणजे गं काय?" लिंबानं विचारलं.

"अरे, आपल्याला जे आवडतं ते तसंच ठेवायचं. त्रास देणारा तेवढा बदलायचा. चांगली रीत आहे. बांध खूणगाठ."

बांधली.

आता केरबामामांकडं नाही म्हणायला जागा उरली नाही. त्यांनी घरात बसून फोन लावला, लिंबानं घरात बसून कानाला लावला. साखरपुडा ठरला, केरबामामांच्या अंगणात.

माणूस मायाळू, पण लेक जाणार म्हणून जीव कासावीस झालेला. त्यात सकाळपासनं अन्नाचा कण पोटात नव्हता. आणि कासावीस झाले की मामा दुसऱ्याच्या मागं लागायचे. लिंबाची टोपी वाकडी का? मांडी नीट घालता येत नाही का? पंच्याला ह्या गाठी कसल्या? लिंबानं टोपी सरळ केली, मांडी बदलली. शेवटी मामांनाच वाईट वाटलं. सुपारी फोडायच्या आधी ते म्हणाले, "लिंबा, तुझं काही म्हणणं असेल तर सांग. मनात ठेवू नको."

लिंबानं पंच्याची शेवटची गाठ चाचपली.

"मामा, मुलगी आवडली. ती तशीच ठेवतो. सासरा तेवढा बदलून द्या."

कुणाच्या तरी हातातला पानाचा विडा खाली पडला.

"काय म्हणालास?" केरबामामांच्या मिशा थरथरायला लागल्या. डोळे लाल झाले. लिंबानं ओळखलं. मामा गरम झाले. तो चट्कन उठला, हात जोडून उभा राहिला.

"माझी थट्टा करतोस?"

"हो."

"तुला काय ही सोयरीक नको आहे?"

"हो."

"मग मोडली म्हणू?"

"हो."

मामांनी सुपारीचं ताट उचललं. सगुणाबाईंनी या वेळी कपाळावर हात मारला नाही. दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं आणि रडायला लागल्या. इतकी वर्षं पोराला सांभाळलं, माझ्यामागं ह्याचं कोण, हीच एक काळजी त्यांना होती.

तेवढ्यात शेवंता चुलीपुढनं उठून बाहेर आली. तोंड लालबुंद, हातात उलथणं. लिंबानं तिच्याकडं बघून पुन्हा हात जोडले. शेवंतानं त्याचे जोडलेले हात बघितले, बापाचे लाल डोळे बघितले, आणि तिच्या काहीतरी ध्यानात आलं.

"माझ्याशी लग्न करणार?" तिनं दरडावून विचारलं.

"हो."

"घरात मी म्हणेन तसं चालणार?"

"हो."

"माझ्या बाबांना जन्मभर मान देणार?"

"हो."

शेवंता बापाकडं वळली. "बाबा, फोडा सुपारी."

"अगं, हा खुळा आहे!"

"ठाऊक आहे मला. शहाण्याच्या घरात बायकोला 'हो' म्हणत जन्म काढावा लागतो. इथं तो म्हणतोय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग बाप्ये हसले. केरबामामा सगळ्यात शेवटी हसले, पण हसले. सुपारी फुटली, लग्न झालं, शेवंता खोलवाडीत आली.

रोज दुपारी मामांचा फोन यायचा. लेक बोलायची, मग मामा जेवायचे. असे चांगले दिवस चालले होते.

एका सकाळी शेवंता म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा." लिंबानं ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. लिंबानं शेवटच्या थेंबापर्यंत नजर हलवली नाही. शेवंता काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. दुपारी धुण्याची बादली उचलून ती तणतणतच ओढ्यावर गेली. आणि फोन वाजला. लिंबानं कानाला लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी केरबा. शेवंता कशी आहे?"

"गरम आहे, मामा."

"आँ? कधीपासनं?"

"सकाळपासनं."

"लई गरम आहे का रे?"

"तोंड लाल झालंय. जवळ जाऊ देत नाही."

"मग तू काय केलंस?"

"फुंकर मारली. तर जास्तच झाली."

"अरे गाढवा! ताप चढलाय पोरीला आणि फुंकर मारतोस?" मामा फोनमध्ये ओरडले. लिंबानं ओळखलं, मामा पण गरम झाले. आता दुसरा शब्द काढायचा नाही.

"भ्रमात बोलतेय काय?"

"हो."

"डॉक्टर घेऊन येऊ?"

"हो."

"सगळ्यांनाच बोलावून घेऊ काय रे, लिंबा?" मामांचा आवाज रडवेला झाला.

"हो."

ऊन कलायच्या आत दोन जीपगाड्या खोलवाडीत शिरल्या. पहिल्या गाडीत डॉक्टर, त्याची पेटी आणि अनवाणी केरबामामा. दुसऱ्या गाडीत आत्या, माम्या, मावश्या, सगळ्या रडत. दारात एकच गलका झाला. आणि समोरनं शेवंता आली. डोक्यावर धुण्याची बादली, ओठांवर गाणं. ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवून तिचा राग कधीच उतरला होता.

मामांनी धावत जाऊन तिला मिठी मारली. "पोरी, चालतेस कशी तू?"

"पायांनी! बाबा, काय झालंय? चप्पल कुठं तुमची?"

सगळ्यांनी लिंबाकडं पाहिलं. शेवंतानंही पाहिलं. तिनं बादली खाली ठेवली, पदर खोचला. तिचं तोंड हळूहळू लाल व्हायला लागलं, मग कान लाल झाले, मग नाकाचा शेंडा.

"काय सांगितलंत तुम्ही बाबांना?"

लिंबाला हायसं वाटलं. मघापासनं त्याला एकच घोर होता, की मामा आपल्याला खोटारडा म्हणणार. तो डॉक्टरकडं वळला.

"बघा, डॉक्टरसाहेब. सकाळी एवढी नव्हती. तुम्ही वेळेवर आलात."

आणि त्यानं गाल फुगवले.