नकाशातली म्हैस

तुम्ही कधी आपल्या गावाचा नकाशा काढलाय का? काढला असेल तर खरं सांगा, त्यात तुमचं घर केवढं काढलं आणि शेजाऱ्याचं केवढं?

एका गावात गेणबा नावाचा एक भोळा भाऊ होता. भाऊ म्हणायचं कारण, त्याच्या धाकट्या बहिणीचं, कौसाचं, लग्न ठरलं होतं. नवरा माळापलीकडच्या तांबेवाडीचा. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे गुरं घरी परततात त्या वेळचा. एवढा मुहूर्त गाठायचा, की झालं.

पण नवऱ्याचे नरहरमामा शहरात राहून आलेले. त्यांनी निरोप धाडला, "माळावर वाटा फार फुटतात. नकाशा पाठवा. आम्ही नकाशाशिवाय पाऊल उचलत नाही."

गेणबाचे वडील तात्या म्हणाले, "गेण्या, तुझा हात चित्रात बरा आहे. डोळ्यांना दिसतं ते काढ. न दिसणारं काढू नकोस."

गेणबा वाटेवर उभा राहिला आणि दिसलं ते काढलं. तात्यांनी कागद पाहिला. खाली पायाचे दोन मोठे अंगठे होते. मध्ये एक डोंगर होता.

"हा डोंगर कुठला रे?"

"डोंगर नाही, माझं नाक. खाली बघितलं की तेच आधी दिसतं."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, स्वतःला कशाला काढतोस? वाटसरूच्या उपयोगाचं काढावं!"

"बरं तात्या, चुकलं. आता तसंच करतो."

दुसरा नकाशा आला. त्यात यमुनाकाकूंचं खोपट सगळ्यांत मोठं होतं. देऊळ हरभऱ्याएवढं. पाटलांचं घर नव्हतंच.

पाटील योगायोगानं तिथंच बसले होते. "माझं दुमजली घर कुठं गेलं रे?"

"तुमच्याकडं वाटसरूला पाणीसुद्धा मिळत नाही," गेणबा म्हणाला. "यमुनाकाकू भाकरी देते, वर चटणी देते."

"आणि देऊळ एवढंसं?"

"तिथला प्रसाद तेवढाच असतो."

पाटील उठून गेले. जाताना चहा अर्धा टाकून गेले. यापूर्वी त्यांनी कुणाकडचा चहा टाकलेला गावानं पाहिला नव्हता.

तात्या ओरडले, "घरं काढूच नकोस! वाट चुकते तिथली खूण काढ. आणि मोठी काढ, मामांना चटकन दिसली पाहिजे."

"बरं तात्या, चुकलं. आता तसंच करतो."

वाट चुकते ती तिठ्यावर. गेणबा तिठ्यावर गेला. तिथं त्यांचीच म्हैस चरत होती. त्यानं म्हैस काढली. मोठी काढली. शिंगं काढली, शेपूट काढलं, शेपटावरची माशी काढली. तोवर कागद संपला. गाव राहिलं. खाली त्यानं लिहिलं, 'म्हैस डाव्या हाताला ठेवून चालावं.' मग तो नकाशा घेऊन एकटा तांबेवाडीला गेला आणि एकटाच परत आला. वऱ्हाड आणायला त्यालाच पाठवावं, हे कुणाला सुचलं नाही. नकाशा होता ना!

लग्नाच्या दिवशी सकाळी तात्यांनी विचारलं, "तिठ्यावर खूण कसली काढलीस?"

"म्हैस."

"अरे गाढवा, म्हैस चालते! नकाशातली वस्तू जागची हलता कामा नये!"

"बरं तात्या, चुकलं. आता तसंच करतो."

गेणबानं म्हैस नेली आणि तिठ्यावर खुंटी ठोकून बांधली.

दिवस कलला. म्हशीचं पारडू घरी होतं. तिची कास भरली, तिनं हिसका दिला, खुंटी उपटली आणि घरची वाट धरली. तेवढ्यात वऱ्हाड तिठ्यावर आलं. नरहरमामांनी नकाशा उलगडला, म्हैस पाहिली आणि म्हणाले, "बघा! हुबेहूब! चला, डाव्या हाताला ठेवा तिला."

म्हशीबरोबर चालत वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं. तिथं सीमांतपूजनाला सगळे उभे होते. ताशा वाजत होता. बायकांनी ओवाळायच्या ताटांतली निरांजनं पेटवली. तात्यांचे डोळे भरून आले.

आणि गेणबानं म्हैस पाहिली.

"अगं, तुझी जागा ही नव्हे!" त्यानं दावं धरलं आणि म्हैस वळवून तिठ्याकडं ओढत नेली.

मामा थांबले. नकाशाकडं पाहिलं. म्हशीकडं पाहिलं. "वळा," ते म्हणाले.

नवरदेव म्हणाला, "अहो मामा, मांडव तो काय, समोर दिसतोय!"

"नकाशात आहे का?"

"नाही."

"मग नाही."

वऱ्हाड वळलं. ताशेवाले कुणाच्या मागं जायचं ते न कळून जागेवरच वाजवत राहिले. तात्या धावत तिठ्यावर पोचले, तेव्हा मामा म्हशीशेजारी सतरंजी अंथरून बसले होते.

"मामासाहेब, पाया पडतो. गाव हाकेवर आहे. मुहूर्त चाललाय!"

"कागद इथं संपतो," मामा म्हणाले. "पुढचा नकाशा द्या, उठतो."

सगळ्यांनी गेणबाकडं पाहिलं.

"काढला असता," गेणबा म्हणाला. "पण अंधारून आलं. न दिसणारं काढायचं नाही, तात्यांनीच सांगितलंय."

गोरज मुहूर्त टळला. भटजींनी पंचांग चाळून सकाळचा मुहूर्त शोधला. गावात कौसाला हे कळलं, तेव्हा ती नऊवारीचा काष्टा खोचत म्हणाली, "सकाळी मीच जाते तिठ्यावर. दादानं आणखी एक नकाशा काढला, तर मी जन्मभर इथंच राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाचं लग्न तिठ्यावर लागलं, आणि अंतरपाटाचं एक टोक म्हशीच्या शिंगाला बांधलं होतं.