दोन चांदण्या

"बाई, माझा आकडा कोणी खोडला?"

"मी."

विमा कंपनीच्या मेनफ्रेमला, म्हणजे कपाटाएवढ्या थोरल्या संगणकाला, इंजिनियरांनी सकाळीच वीज दिली होती. दुपारी तीनला त्यावरची सिस्टिम उठवायची होती. छत्तीस वर्षं ती उठवणाऱ्या ढवळेबाई आज निवृत्त होत होत्या. चार्ज हाताखालच्या शार्दूलला द्यायचा की नाही, हे त्यांच्या सहीवर होतं. कागद टेबलावर होता, सही नव्हती.

उठताना सिस्टिम एक छोटी फाइल वाचते. आपल्याला काय काय जोडलंय याची कितव्या नंबरची यादी घ्यायची, ते तिथे लिहिलेलं असतं. शार्दूलने सत्तेचाळीस लिहिलं होतं. बाईंनी ते खोडून आकड्याच्या जागी दोन चांदण्या, **, टाकल्या होत्या.

"ती यादी मी स्वतः केलीय. तीनदा तपासलीय."

"उत्तम झालीय."

"मग चांदण्या कशाला? त्यात तर काहीच लिहिलेलं नाही."

"म्हणूनच."

शार्दूलला राग आला. हुशार माणसाला 'उत्तम' म्हणून वर खोडलं की येतोच.

"म्हणजे सिस्टिमने अंदाज बांधायचा?"

"नाही. हार्डवेअर आज कोणती यादी घेऊन जागं झालंय, ते हार्डवेअरलाच विचारायचं."

"ते मला माहीत आहे. सत्तेचाळीस."

बाईंनी यंत्राच्या खोलीकडे बोट दाखवलं.

तो तरातरा गेला. परत आला तो सावकाश.

"सेहेचाळीस," तो म्हणाला. "नव्या डिस्कचं कपाट अजून आलंच नाही. त्यांनी जुन्याच यादीवर चालू केलं. मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

"नाही."

न आलेल्या कपाटातल्या डिस्क शोधत सिस्टिम अर्धवट उठली असती आणि सोमवारी विम्याच्या पैशांसाठी खिडकीवर आलेली माणसं ताटकळली असती, हे त्याचं त्यालाच दिसत होतं. तो खरंच घाबरला होता.

त्याने कीबोर्ड ओढला. "मग सेहेचाळीस लिहू?"

"आणि कपाट आल्यावर?" बाईंनी विचारलं.

त्याने हात मागे घेतला. चांदण्या तशाच राहिल्या.

बाईंनी पेन उघडलं आणि कागदावर सही केली.

तीन वाजता शार्दूलने बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. एकेक डिस्क, एकेक प्रिंटर जागेवर सापडत गेला. सिस्टिम पुरती उठली, तसा त्याचा ऊर भरून आला.

"कळलं, बाई. या चांदण्यांना मी आता कधीच हात लावणार नाही."

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"'कधीच' हाही न विचारता लिहिलेला आकडाच झाला."